पतंगाची गाडी काही केल्या उलटेना!

"ह्या खेपेला गाडी उलटली, तर दुकानाला कुलूप लावीन आन् उद्यापासनं शेरडं वळाया जाईन!"

चिंचेवाडीच्या नाक्यावर, भर बाजाराच्या दिवशी, गहिनीनाथानं हातातला पाना उंच धरून ही घोषणा केली. ऐकायला चहावाला, दोन गिऱ्हाइकं आणि शेजारच्या टपरीतला रशीद शिंपी एवढीच माणसं होती. पण दिवेलागणीपर्यंत ती घोषणा पार तिसगावात पोहोचली होती. आता माघार नव्हती!

गाडी म्हणजे साधीसुधी नव्हे. पतंगानं ओढायची गाडी! गहिनीनाथाचं सायकल दुरुस्तीचं दुकान. दोन वर्षांपूर्वी त्यानं दुकानावर सावलीला म्हणून भिंगारच्या भंगार बाजारातून लष्कराचं जुनं पॅराशूटचं कापड आणलं. सायकलला बांधून निघाला, तर वाटेत वाऱ्यानं कापड सुटलं, फुगलं आणि सायकलीसकट त्याला तीस पावलं फरफटत घेऊन गेलं. दुसरा कुणी असता तर ते कापड जाळून मोकळा झाला असता. गहिनीनाथ गुडघे झाडत उठला आणि म्हणाला, "आयला! हे तर फुकटचं इंजन!"

मग रशीदनं त्या कापडाचा बारा हात रुंद पतंग शिवला. गहिनीनाथानं स्कूटरची दोन जुनी चाकं मागं, लहान सायकलचं एक चाक पुढं, मध्ये पाण्याचा पाईप, अशी तीन चाकी गाडी जोडली. बहात्तरच्या पावसानं दगा दिला आणि गावचा तलाव ठणठणीत कोरडा पडला. तळाचा गाळ वाळून परेडच्या मैदानासारखा सपाट झाला. गावाला त्याचं दुःख होतंच, गहिनीनाथालाही होतं. पण त्या मैदानाकडं बघून त्याच्या पायांना खाज सुटायची, हेही खरं!

अडचण एकच. गाडीनं वेग घेतला की ती उलटायची. एकदा नव्हे, सात वेळा! त्यातली चौथी वेळ सासरेबुवांच्या समोर.

सासरे म्हणजे भिमाजीमामा. बावीस वर्षं एष्टीचे ड्रायव्हर आणि बावीस वर्षांत एक कोंबडीसुद्धा चाकाखाली आली नाही म्हणून खात्यानं दिलेला बिल्ला अजून कोटावर! चाक लावलेली कुठलीही वस्तू आपल्याच अखत्यारीत येते असं त्यांचं मत. त्या दिवशी गाडीखालून डोकं बाहेर काढणाऱ्या जावयाकडं त्यांनी शांतपणे बघितलं आणि म्हणाले, "जावईबापू, गाडीत बसायचं असतं. तुमी गाडीखाली बसताय."

ते वाक्य गहिनीनाथाच्या काळजात गंजक्या खिळ्यासारखं रुतून बसलं होतं. आणि आता मुक्ताबाईनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, निरोप सांगितला होता, "अवो, गुरवारी अण्णा येत्यात."

गहिनीनाथ कामाला लागला. मागच्या चाकांमधलं अंतर अडीच फूट होतं, ते त्यानं चार फूट केलं. पुढचं चाक दीड हात आणखी पुढं नेलं. बैठक खाली, खाली आणि आणखी खाली घेतली. जमिनीपासून फक्त चार बोटं उरली! तरी त्याचं समाधान होईना.

"रशीदभाई, वळताना मी बैठकीवरनं घसरतो. मी एकीकडं, गाडी एकीकडं. बैठक अंगाला बसली पायजे."

त्यानं पत्र्याचं पिंप अर्धं कापलं. रशीदनं आत काथ्या भरून रेक्झिनची गादी शिवायची ठरवली आणि गळ्यातली टेप काढून माप घ्यायला वाकला.

"गहिनीभाऊ, श्वास सोडा."

"सोडलाय की!"

"पोट आत वढलंय तुमी. पँटीला ठेवतो तशी दोन इंच ढील ठेवू का?"

"अजाबात न्हाई! ढील ठेवली म्हणून तर सात वेळा पडलो. मांजरपाटाची बंडी कशी अंगाला बसते? तशी गाडी बसली पायजे!"

रशीदनं मान हलवली आणि खडूनं आकडा लिहून घेतला. वर लष्कराच्या भंगारातला रुंद पट्टा कमरेवर आवळायला लावला. त्या पट्ट्याला गहिनीनाथानं एक लोखंडी आकडा जोडला. पतंगाच्या दोन्ही दोऱ्या एका दांडीला, दांडी आकड्यात! म्हणजे ओढ कमरेवर येणार, हात दुखणार नाहीत, आणि पायानं पुढचं चाक वळवायचं. सगळं जोडून झाल्यावर तो गाडीभोवती तीनदा फिरला. एखाद्या पैलवानानं आरशात दंड बघावेत तसा बघत राहिला.

गुरुवार उजाडला. भिमाजीमामा बिल्ल्यासकट आले. मुक्ताबाईनं दुष्काळात जपून ठेवलेली हरभऱ्याची डाळ काढून पुरण घातलं होतं. सासऱ्यांसमोर नको म्हणायचं कसं? त्यात मामा आग्रही. "घ्या की! आज तुमाला लई जोर लागंल, उलटी गाडी सुलटी कराया!"

त्या टोमण्यासरशी गहिनीनाथानं रागानं दोन पोळ्या जादा खाल्ल्या. एकूण सात.

तलावात निम्मं गाव जमलं होतं. वारा मावळतीकडून असा सुटला होता की टोप्या धरून बोलावं लागत होतं. गहिनीनाथ ऐटीत गाडीत बसला. म्हणजे बसायला गेला. तो निम्माच आत गेला!

"रशीदभाई, ही बैठक आटली का?"

"बैठक हाय तेवढीच हाय. सात पोळ्या कुणाच्या?"

शेवटी रशीदनं दोन्ही खांद्यांवर भार टाकून, बरणीत लोणचं दाबावं तसा त्याला दाबला. 'पचाक्' असा आवाज झाला आणि गहिनीनाथ बैठकीत बसला. पट्टा आवळला. पट्ट्याचं बक्कल पोटाच्या घडीखाली कुठंतरी दिसेनासं झालं. पण काय फिट बसली होती गाडी! गहिनीनाथानं अंग हलवलं की गाडी हलायची. श्वास घेतला की पाईप कुरकुरायचा.

"सोड!"

रशीदनं पतंग वर फेकला. वाऱ्यानं तो झेलला. दोऱ्या ताडकन ताणल्या आणि गाडी निघाली!

अशी निघाली म्हणता! मागं धुळीचा लोट, पुढं आभाळात पांढराशुभ्र पतंग आणि मध्ये गहिनीनाथ. चाकं भिंगरीसारखी. पहिलं वळण आलं. इथंच गाडी दर वेळी पाय वर करायची. गहिनीनाथानं डोळे मिटून पाय दाबला. गाडी वळली. नुसती वळली! डुलली नाही, उचलली नाही, कलली नाही! गर्दीतून आरोळी उठली. तो वळून सासऱ्यांच्या समोरून सुसाट गेला तेव्हा त्याची छाती फुगून पट्टा आणखी आवळला.

"मामा, बघाऽऽ! गाडीत बसलोय! गाडीत!"

भिमाजीमामांचं तोंड उघडंच राहिलं. बावीस वर्षांत एष्टीनंसुद्धा असं वळण घेतलं नव्हतं. गहिनीनाथाला वाटलं, बास, हाच आपल्या आयुष्याचा कळस. आता ऐटीत थांबावं आणि मामांच्या पुढ्यात उतरावं.

थांबावं! पण कसं?

आणि मग, ताशी पंचवीस मैलांच्या वेगात, गहिनीनाथाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आजवर गाडी थांबायची ती उलटल्यामुळं! उलटली की दोऱ्या सुटायच्या, पतंग पडायचा. गाडीला तेवढा एकच ब्रेक होता, आणि तो त्यानं चार दिवस-रात्री खपून काढून टाकला होता!

त्यानं दांडी आकड्यातून काढायला बघितली. दोऱ्यांच्या ओढीनं ती अशी बसली होती की बैल लावूनही निघाली नसती. बक्कल शोधलं, सापडलं ते पोट. पाय जमिनीला घासून बघितला. चप्पल मागं राहिली, गाडी पुढं गेली. शेवटी ज्या गोष्टीसाठी त्यानं दुकान पणाला लावलं होतं, तीच तो करायला लागला. गाडी उलटवायला! डावीकडं झुकला. उजवीकडं झुकला. अंगाला झोके दिले. गाडी मारुतीच्या पारासारखी स्थिर!

"उलट की गं बाई!" गहिनीनाथ काकुळतीला आला. त्यातही मनाच्या कोपऱ्यात वाटून गेलंच, काय पक्की गाडी केलीय आपण!

तलावाचा काठ उगवतीला अलगद चढत होता. गाडी तो चढली आणि थेट दुष्काळी कामाच्या नव्या रस्त्यावर आली. ताजा मुरूम, वर रोलर फिरवलेला. तलावापेक्षाही गुळगुळीत! गाडीला जोरच चढला.

पुढं मैलभरावर तीनेकशे माणसं खडी फोडत, घमेली वाहत होती. मुकादम पुंजाराम सकाळपासून टाचा उंचावून उभा होता. आज मोठे इंजिनिअरसाहेब तपासणीला येणार होते. उन्हाळ्यात फुलं कुठली? म्हणून रुईच्या फुलांचा हार करून त्यानं ओल्या फडक्यात ठेवला होता. तेवढ्यात क्षितिजावर धूळ दिसली आणि धुळीच्या वर पांढरी छत्री!

"आरं, साहेब इमानातनं उतरले!" पुंजारामनं शिट्टी फुंकली. "लागा कामाला!"

इथं रस्त्याला चढ होता. गाडी मंदावली, घोड्याच्या दुडक्या चालीवर आली. पुंजाराम हार घेऊन शेजारून पळायला लागला.

"या साहेब! काम जोरात हाय साहेब!"

"थांबवा!" गहिनीनाथ ओरडला. "आरं थांबवा!"

"काम थांबवाऽऽ!" पुंजाराम मागं वळून गरजला. "साहेबांचा हुकूम!"

तीनशे माणसं जागच्या जागी उभी राहिली.

"तसं न्हाई! धरा! धरा!"

"घमेली धराऽऽ!"

तीनशे माणसांनी घमेली धरली.

"मला धरा! सोडवा मला!"

"सोडा, सोडाऽऽ!" पुंजारामला आता दम लागला होता. धाडकन तीनशे घमेली खाली पडली. खडी फोडणारी छबूबाई कपाळावर हात मारून म्हणाली, "साहेबाला तरी कळतंय का, काय पायजे ते?"

पुढच्या वळणावर एक जुनी बाभूळ होती, तिला गहिनीनाथाची दया आली. पतंग तिच्या काट्यांत जाऊन अडकला. दोऱ्या झटक्यात ढिल्या पडल्या. गाडी दहा पावलं गेली आणि रस्त्याच्या मधोमध, तीनही चाकांवर, देवघरातल्या समईसारखी उभी राहिली. पुंजारामनं धापा टाकत हार गळ्यात घातला आणि टाळ्या वाजवल्या. साहेबाला टाळी कमी पडू नये म्हणून तीनशे माणसांनीही वाजवल्या.

एवढ्यात मागून जीप आली. खरे इंजिनिअरसाहेब शेजारच्या सीटवर टोपी धरून बसले होते, त्यांचा ड्रायव्हर मागं मुक्ताबाई आणि रशीदच्या मध्ये अवघडून बसला होता, आणि जीप भिमाजीमामा चालवत होते! वाटेत हात आडवा करून त्यांनी जीप थांबवली होती आणि ड्रायव्हरची चाल बघून 'सरका तिकडं' म्हणाले होते.

"हे साहेब, तर मग ते कोण?" पुंजारामचा चेहरा रुईच्या पानासारखा पडला.

"हा काय प्रकार आहे?" साहेब उतरले. "कोण हा माणूस?"

भिमाजीमामा पुढं झाले. त्यांनी कोट सारखा केला आणि छाती काढून म्हणाले, "ह्ये आमचे जावई हायेत!"

लग्नाला नऊ वर्षं झाली होती. हे वाक्य मामांनी ह्या आवाजात आज पहिल्यांदा उच्चारलं. गहिनीनाथाचे डोळे धुळीनं भरले होते. त्यात अजून काय मिसळलं ते कुणाला कळलं नाही.

"साहेब, तलावापासनं दीड मैल. मी मागनं बघत आलो. एक चाक उचललं न्हाई!" मामा गाडीभोवती फिरत होते. "रस्ता हाय का काय हाय, गाडीला पत्ताच न्हाई!"

साहेबही शेवटी इंजिनिअरच. रागावायचं विसरून ते उकिडवे बसले. "चाकं रुंद घेतलीत? बैठक खाली? शाब्बास! कुठं शिकलात?"

"सात वेळा पडून," गहिनीनाथ विनयानं म्हणाला.

"आणि ब्रेक?"

गहिनीनाथ बाभळीकडं बघायला लागला.

"अहो, उठा तरी! उभं राहून बोला."

"बसूनच बोलतो साहेब."

"साहेबांसमोर बसून? अवो, उठा की!" मुक्ताबाई कुजबुजली.

गहिनीनाथ उठला. गाडीही उठली! तीन चाकं, पाईप, पिंप, सगळं त्याच्या पाठीमागं लटकलं. तीनशे माणसांत असा हशा पिकला की बाभळीवरचे होले उडाले. चौघांनी गाडी धरली, चौघांनी गहिनीनाथ. ओढाओढी झाली. अखेर रशीद कात्री घेऊन वाकला, त्यानं पट्टा कापला आणि गादीवरच्या स्वतःच्याच शिलाईचे टाके एकेक करून कापू लागला. "दोन इंच ढील मागत हुतो मी," तो पुटपुटत होता. "दोन इंच!"

शेवटचा टाका तुटला आणि गहिनीनाथ बाटलीच्या बुचासारखा बाहेर आला. गळ्यात हार, अंगभर धूळ, पायात एकच चप्पल. पण मान ताठ! मामांच्या पाया पडावं म्हणून तो रुबाबात पुढं निघाला. अर्धा तास आवळलेले पाय मात्र अजून झोपेतच होते. पहिलं पाऊल पडलं, दुसरं पडलं, आणि तिसऱ्याला सपाट, रोलर फिरवलेल्या रस्त्यावर गहिनीनाथ आडवा!

"अगंबाई!" मुक्ताबाई धावली.

भिमाजीमामांनी मागं वळूनही बघितलं नाही. ते गाडीपाशी गुडघे टेकून बसले होते आणि पुढचं चाक हळुवारपणे फिरवून बघत होते.

"काय पडलं?" त्यांनी काळजीनं विचारलं. "गाडीला काय लागलं न्हाई ना?"

"न्हाई मामा," गहिनीनाथ मुरमातूनच अभिमानानं म्हणाला, "गाडी उभी हाय!"