पायथ्याचे दरवाजावरील परात रिकामी जाहली त्याची हकीकत

श्रीसूर्यनारायण, ज्याचे प्रतापें सृष्टी चाले आणि ज्याचे कोपें माथीं फिरती, त्यास दुरूनच दंडवत. शके १६५२ साधारणनाम संवत्सरे, वैशाख मासीं राज्यांत जें वर्तलें तें लिहितों, पदरचें घालीत नाहीं.

राज्याचे पाठीशीं थोर डोंगर. उन्हाळियांत मंडळींनीं वर जावें, करवंदें खावीं, वारा घ्यावा, ऐसी चाल. पायथ्याचे दरवाजावर मायाजी खुंटे म्हणोन वृद्ध राखणदार, बायको वारली, मूल नाहीं, दरवाजा हाच संसार. त्याणें येईल त्यास सांगावें कीं, दोन प्रहरांआधीं सावली धरावी, डोईस ओलें फडकें बांधावें, तहानेची वाट न पाहतां पाणी प्यावें, आणि मंडळींनीं हंसोन म्हणावें, म्हातारा चळला. हौसेस मोल नाहीं, अकलेस तों नाहींच! दरवाजांत पितळी परात असे. चढणारानें आपले खुणेचा खडा तींत ठेवावा, उतरतां उचलावा. सायंकाळीं परात रिकामी तर सर्व सुखरूप, खडा उरला तर शोधास जावें, ऐसा कायदा.

वद्य पंचमीस ऊन ऐसें पडलें कीं अंगाची लाही लाही जाहली. मंडळी दोन प्रहरांआधींच उतरली आणि एक खडा राहिला. मायाजीनें वाट पाहिली, मग विचार केला कीं सायंकाळपर्यंत थांबावें तर माणूस उन्हानें जाईल. मग पाण्याचा भोपळा घेतला आणि भेटतांच धन्याचे हातीं द्यावा म्हणोन तो खडा कनवटीस लाविला आणि भर उन्हांत चढला. स्वतःचा खडा ठेविला नाहीं, मोजणार कोण? सायंकाळीं पहारेकरी आले, परात रिकामी पाहिली, सर्व सुखरूप म्हणोन दरवाजा लाविला.

ठकूबाई ताकवाली अकरा वर्षें रोज सायंकाळीं मायाजीचे पायरीवर लोटा ठेवी. नाईक, ताक, म्हणे, आणि आंतून ठेवा म्हणोन उत्तर येई, यापरतें उभयतांत बोलणें नव्हतें. त्या दिवशीं उत्तर आलें नाहीं. बाईनें पहारेकऱ्यांस पुसिलें. त्यांणीं परात दाखविली आणि म्हणाले, गेला असेल सोयऱ्यांकडे.

बाई म्हणाली, "त्यांस सोयरा कोण आहे?" आणि अडसर काढोन एकटीच चढली. मायाजी करवंदीचे जाळीखालीं निपचित पडला होता. भोपळा भरलेला, दुसऱ्याचें पाणी म्हणोन थेंब घेतला नव्हता. बाईनें फडकें भिजवोन डोईस लाविलें, वारा घातला, शुद्धीवर येतांच घोट घोट पाजिलें.

तो म्हणाला, "परात रिकामी होती. मग कळलें कसें?"

"आपण ठेवा म्हणालां नाहीं," बाई म्हणाली.

आतां खड्याचा धनी. तो दुसरे वाटेनें सावली सावलीनें उतरला, घरीं आमरस जेविला आणि निजला, खड्याची आठवण नाहीं. तो पुरुष प्रस्तुत लेखकच. दुसरे दिवशीं हकीकत कानीं आली तेव्हां आम्ही तोंड घेवोन गेलों. मायाजीनें कनवटीचा खडा काढोन तळहातीं ठेविला आणि म्हणाला, "आपला आहे. सुखरूप आलां, बरें जाहलें." शिव्या दिल्या असत्या तर सुखें घरीं आलों असतों.

तेव्हांपासोन रोज पहाटे मायाजीचे नांवाचा खडा ठकूबाई परातींत ठेवीत्ये आणि सायंकाळीं त्याचें ठेवा ऐकोन आपणच उचलत्ये.

एवंच, उन्हास भ्यावें, पाणी प्यावें, आणि उतरल्यावर आपला खडा उचलावा, दरवाजावर कोणी वाट पाहात असतें. आमचे पायरीवर ताक ठेवणारें कोणी नाहीं. मायाजीनें परत दिलेला तो खडा दऊतीशेजारीं ठेविला आहे.