चार नावांची आई

आमच्या शेजारच्या हसुरामने लिहिलेल्या पटकथेत एका मुलाला चार आया आहेत. वस्तुतः आई एकच; परंतु पहिल्या पानावर ती ‘आई’, चौथ्यावर ‘लक्ष्मी’, नवव्यावर ‘धर्माची बायको’ आणि पुढे, कोणतीही पूर्वसूचना न देता, ‘येसू’. वडील मात्र आरंभापासून अंतापर्यंत ‘बापूस’.

हसुराम बंदराच्या गोदामातून निवृत्त झाला आणि पनवेलात आमच्या भिंतीला भिंत लावून राहू लागला. मी आयुष्यभर शाळेत संस्कृत शिकवले, एवढ्या अपराधासाठी त्याच्या लेखनाचे शुद्धीकरण माझ्याकडे आले. मी पूजेला बसलो की हा दारात. घंटा थांबली की म्हणतो, “गुरुजी, देवाचा झाला? आता माजा घ्या.”

खारघरच्या एका चित्रपट संस्थेने ती पटकथा परत पाठवली. तिथल्या मुलीने फोनवर विचारले, “काका, आईच्या कामासाठी आम्ही चार बायका बघायच्या का?” सोमवारी सायंकाळी सहापर्यंत सुधारून द्या, नंतर घेता येणार नाही, असेही तिने नम्रपणे सांगितले. हसुरामने आयुष्यात एवढी एकच गोष्ट लिहिलेली. त्याचे जेवणावरून लक्ष उडाले.

“हसुराम, एक नाव ठरव आणि सर्वत्र तेच लिही,” मी म्हणालो.

“पन ती तीच हाय ना, गुरुजी!”

“वाचणाऱ्याला ते कसे कळावे?”

“तुमच्या विष्णूला हजार नावां चालतान. माज्या आयला चार नाय चालत?”

स्वयंपाकघरातून आमच्या सौभाग्यवतींचे हसू ऐकू आले. भगवंताला कुणी चित्रपटात काम देत नव्हते, हे उत्तर मला दुपारी सुचले.

शनिवारी ‘आई’ हे नाव निश्चित झाले. रविवारी गृहस्थ पुन्हा हजर. “पोर शालेत गेला, घरान ती एकलीच. मंग तिला आई कोन बोलल?” सोमवारी माझा संयम सुटला. “परत येऊ दे तुझी पटकथा! टाक माळ्यावर!”

तो उंबरठ्याशीच बसला. तिथूनच म्हणाला, “मी असताना ती आय, गुरुजी. मी नसताना तिला काय बोलू, ता मना म्हाईत नाय.”

मग हळूहळू कळले. त्याच्या आईच्या लग्नात तांदळाच्या ताटात ‘लक्ष्मी’ हे नाव लिहिले गेले, आणि माहेरचे नाव त्या दिवशीच मिटले. मिठागरावर ती सर्वांना धर्माची बायको. शेवटच्या आजारपणात तिचा भाऊ आला आणि त्याने ‘येसू’ अशी हाक मारली.

“हसली ओ ती. बारक्या पोरीसारखी हसली. तिचा ह्यो नाव मना तवाच कलला.”

मी लेखणी घेतली आणि पानोपानी ‘येसू’ लिहीत गेलो. शेवटच्या प्रसंगात मुलगा तिला हाक मारतो, तिथे त्याने माझा हात धरला.

“ती आई नका खोडू.”

“नाही खोडत. ती त्याची हाक आहे.”

पाच वाजत आले होते. पाकीट बंद करण्यापूर्वी त्याने पहिले पान काढले आणि मोठ्याने वाचले, “येसू मिठागराच्या बांधावर एकटी बसली आहे.”

पुढची ओळ त्याने वाचली नाही. मीही त्याला वेळेची आठवण करून दिली नाही. रिक्षा मात्र सौभाग्यवतींनी बोलावून ठेवली होती.