बाबुरावांची पाठ

शेवंतीनं ओट्याशी उभ्या उभ्या बटाट्याला लाजवलं, त्या दिवशी वांग्याची भाजी करपली. बटाटा वहीतला होता, भाजी मात्र खरी होती. नाथानं करपलेला घास कसाबसा गिळला आणि विचारलं, "लक्ष कुठं हाय तुझं?"

शेवंतीनं कौतुकानं वही पुढे केली. वहीत दोन बटाटे होते. एक छाती काढून उभा होता, दुसरा त्याच्या शेजारी मान खाली घालून पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत होता. नाथाचा चष्मा नेहमीप्रमाणे टीव्हीवर राहिला होता, त्यामुळे त्याला नुसते दोन डाग दिसले.

"बरी हाय रांगोली," तो म्हणाला आणि त्यानं ताक मागितलं.

बायको सिल्व्हर पार्कात रांगोळीच्या क्लासला जाते अशी नाथाची पक्की समजूत होती. ती निघालीही होती त्यासाठीच. मुलीच्या, संचिताच्या लग्नात दारात चार रेघा बऱ्या याव्यात एवढाच हेतू होता. पण त्या इमारतीत रांगोळीचा क्लास दुसऱ्या मजल्यावर होता, कार्टूनचा पहिल्या, आणि शेवंतीचा गुडघा पहिल्या मजल्यावरच बोलायला लागला. दम खायला म्हणून ती दारात टेकली. आत चोवीस वर्षांची चांदणी मिस फळ्यावर बटाटा काढत होती.

"नाक-डोळे बाद में," मिस सांगत होती. "पहिल्यांदा विचार करायचा, हा काय केल्याशिवाय राहूच शकत नाही? बस, वही बनाने का. माणूस आपोआप येतो." आणि तिनं दोन रेघा अशा ओढल्या की बटाटा लाजला.

शेवंती दारातच थक्क झाली. जन्मभर तिनं बटाटे सोलले, पण एकाचाही स्वभाव तिला कळला नव्हता. तिला एकदम वडलांचं मिठागर आठवलं. लहानपणी ती ओल्या चिखलावर काठीनं माणसं काढायची, आणि नुसत्या चालीवरून वडील प्रत्येकाचं नाव सांगायचे. लग्न झालं, चिखल सुटला, काठी सुटली. ती चप्पल काढून आत गेली आणि पोराटोरांच्या मागे जाऊन बसली. दुसऱ्या मजल्यावर ती आजतागायत गेलेली नाही.

लग्न आठ दिवसांवर आलं तेव्हा मिसनं गृहपाठ दिला. घरातली दहा माणसं काढायची, अकरावं चित्र स्वतःचं. शेवंती कामाला लागली, प्रत्येक चित्राखाली नाव लिहीत. नाथा काढला तो पंचा गुंडाळलेला, अंगाला साबण, फोन कानाला, आणि तोंडानं "पोचलो, पोचलो" म्हणणारा. नाथाची आत्या लागणारी सुलूआत्या एका हातानं आशीर्वाद देत होती आणि दुसऱ्या हातानं पिशवीत लाडू सारत होती. चुलतदीर सदू सगळ्या समारंभांचं शूटिंग करायचा आणि सगळ्या शूटिंगमध्ये त्याचा अंगठा असायचा, म्हणून तिनं सदूला अंगठ्याएवढा आणि अंगठ्याला सदूएवढा काढला.

बाबुरावांपाशी मात्र ती अडली. बाबुराव नाथाचे थोरले भाऊ, वय सदुसष्ट, घराचे कर्ते. त्यांच्यात खोट अशी नव्हती. ते फक्त रुसायचे. त्यांच्या पेणकरपाड्यात लग्न म्हटलं की नाक्यावर बॅनर लागतो, त्यावर घरातल्या सगळ्यांचे फोटो असतात, आणि कोणाचा फोटो कितवा आणि केवढा यावर पुढची दहा वर्षं नाती चालतात. पुतण्या साहिलच्या हळदीला बाबुरावांचा फोटो तिसरा लागला. झालं. ते मांडवात भिंतीकडे तोंड करून खुर्चीत बसले. या घरात पहिली हळद थोरल्याच्या हातची लागते. त्याशिवाय कोणी हळदीला बोट लावत नाही. लग्नाची गाणी म्हणणारी धवलारीण गात राहिली, तिचा आवाज बसला, नवरदेव ओलेता कुडकुडत राहिला. शेवंती ताट घेऊन एकदा गेली, दोनदा गेली. तिसऱ्यांदा गेली तेव्हा कुठे बाबुराव उठले.

ते सगळं आठवलं आणि शेवंतीचा हात चालला. खुर्ची आली, तिच्यावर दरवाजाएवढी पाठ आली, हाताची घडी आली. समोर भिंत. आणि सगळ्यात शेवटी खांद्यावरून हळूच मागे वळलेला एक डोळा, कोणी समजवायला येतंय का ते बघणारा.

ती हसली. एवढी वर्षं ती ताट घेऊन त्या पाठीकडे चालत गेली होती, पण तो डोळा तिला कागदावर पहिल्यांदा दिसला. आपण हे काढलं यावर तिचा विश्वासच बसेना.

अकराव्या पानावर तिनं खाली "सौ. शेवंती" लिहिलं आणि वर काही सुचेना. आपण काय केल्याशिवाय राहू शकत नाही? भांडी? ती तर कोणीही घासतं. पान कोरंच राहिलं. विसरले असं मिसला वाटू नये म्हणून तिनं त्या कोऱ्या पानाचाही फोटो काढला. स्वतःच्या फोनचा कॅमेरा बिघडलेला होता, म्हणून अकराच्या अकरा फोटो नाथाच्या फोनवर.

इथून पुढचं नाथाचं कर्तृत्व. बॅनरवाल्या जितेशचा फोन आला तेव्हा नाथा न्हाव्याकडे बसला होता.

"काका, फोटो?"

"पाठवले, पाठवले," नाथा म्हणाला, कारण तसं म्हणाल्याशिवाय त्याला राहवत नसे. मग त्यानं घाईनं फोन उघडला. साहिलनं आदल्या आठवड्यात त्याच फोनवर घरातल्या अकरा जणांचे छान फोटो काढून, खाली नावं टाकून ठेवले होतेच. चष्मा टीव्हीवर होता. नाथानं शेवटचे अकरा मोजले, बोट दाबलं आणि वर फोन करून बजावलं, "नावं खालीच लिवलीयत. आन ऐक, दादाला मदी टाक, सगल्यात मोठा. ह्या टायमाला चूक नको."

जितेशनं चूक केली नाही.

हळदीच्या दिवशी सकाळी सातला सदूचा फोन आला. "वैनी, नाक्यावर या. आन दादाला येऊ देऊ नका."

नाक्यावर वीस फूट रुंद बॅनर लागला होता, खालची कड माणसाच्या कमरेपर्यंत आलेली. वर "संचिताच्या हळदीला आपलं स्वागत" आणि खाली शेवंतीची वही. मधोमध, इतर सगळ्यांच्या तिप्पट, बाबुरावांची पाठ. जितेशला कोरी चौकट कुठेच बसेना, तेव्हा त्यानं ती त्या पाठीच्या मागे, खालच्या कोपऱ्यात लावली होती. समोर पन्नास-साठ माणसं उभी होती. रिक्षावाले रिक्षा बंद करून बघत होते. मिठाईवाला हातात झारा घेऊन आला आणि तसाच उभा राहिला.

"अरे, ये तो बाबुराव सेठ हैं!" तो हळूच म्हणाला. "पीठ से पहचान लिया मैंने. सिर्फ पीठ से!"

साहिलच्या वेळी फोटो तिसरा लागला तर हळद तीन तास अडली होती. ही पाठ बघून भावजी जन्मात मांडवात पाऊल ठेवणार नाहीत, आणि संचिता पाटावर कोरडीच बसून राहील.

"उतरव, आत्ताच्या आत्ता उतरव!" ती जितेशवर ओरडली.

"काकी, शिडी डोंगरीला गेलीय, दुसऱ्या बॅनरला," जितेश म्हणाला. "आणि खरं सांगू? मला वाटलं नवीन स्टाईल असेल. मशीनमधून दादांचा कागद बाहेर यायला लागला ना, तर मी उठूनच उभा राहिलो. वाटलं, दादाच आले."

"तारा तरी काप!"

"खबरदार!" मागून सुलूआत्या आली. हातात पिशवी होतीच. ती बॅनरपाशी जाऊन स्वतःच्या चित्राकडे टक लावून बघायला लागली. आता ही पदर खोचणार असं सगळ्यांना वाटलं. "पिशवीला गाठ मारलीयस," ती म्हणाली. "मी अशीच मारतंय. चालीस वर्सं मारतंय. तू कवा बघितलंस गो?"

सदूला तर वाद घालायला सवड नव्हती. तो बॅनरचं शूटिंग करत होता, अंगठ्यासकट. मग ज्यांची चित्रं नव्हती ते पुढे आले. एक मेहुणे म्हणाले, "आम्ही काय घरातले नाय? आमची काय सवय-बिवय नाय?" तेवढ्यात नाथाचा फोन आला.

"मी पोचलो," नाथा म्हणाला. मागून नळाचा आवाज येत होता.

तो खरंच पोचला तेव्हा चष्मा लावून आला होता. त्यानं पंचा बघितला, साबण बघितला. मग त्यानं बायकोकडे बघितलं, पहिल्यांदाच बघावं तसं. "ही रांगोली न्हाय," तो म्हणाला.

आणि गर्दी मधोमध फाटली. बाबुराव आले होते. धुतलेलं धोतर, टोपी, मागे त्यांची बायको द्वारका. घरातला थोरला बॅनर तपासायला येतो हे पेणकरपाड्यात पोराटोरांनाही ठाऊक असतं. ते डावीकडून मोजत आले. एक, दोन, तीन. मधोमध आले आणि थांबले.

बाबुरावांनी पाठ बघितली. खुर्ची बघितली. मग त्यांची नजर खांद्यावरच्या त्या डोळ्यावर गेली आणि तिथेच राहिली.

"कोनी काढला यो?"

शेवंती पदर सावरत पुढे झाली. "मी, भावजी. चुकलं माझं. मला काय म्हनायचं ते म्हना, पन हलदीला या. पोरीला शिक्षा नको."

बाबुरावांचं तिच्याकडे लक्षच नव्हतं. "द्वारके," ते म्हणाले, "यो डोला कोनाला दिसत न्हाय असं मला वाटायचं."

"मला बी न्हाय दिसला," द्वारका म्हणाली. "मला वाटायचं तुमी खरंच भिंत बघताय."

"भिंतीत काय बघायचं?" बाबुराव म्हणाले, आणि त्यांचा आवाज एकदम लहान झाला. "शेवंते, झ्याक हाय. पन एक चूक हाय."

"काय, भावजी?"

"मी मागं बघतोय. कोनाला बघतोय? मागं तर कोनच न्हाय." त्यांनी बोट त्या कोऱ्या चौकटीवर नेलं. खाली नाव होतं, वर पांढरं. "हिला का न्हाय काढली?"

"मला माझं काय सुचलंच नाय," शेवंती म्हणाली.

बाबुरावांनी जितेशच्या खिशातला मार्कर काढून घेतला. आयुष्यात त्यांनी सातबाऱ्यावर सही सोडून काही काढलं नव्हतं. ते जीभ दातात धरून वाकले. एक वाकडं डोकं आलं, त्याखाली भोपळा आला, भोपळ्याला दोन काटक्या फुटल्या. काटक्या धावत होत्या. मग हात आले, आणि हातांवर एकावर एक तीन ताटं.

"तीन कशाला?" नाथानं विचारलं.

"साहिलच्या हलदीला तीन टायमाला आलती ती," बाबुराव म्हणाले. "मी मोजलंय."

शेवंतीला रडू आलं. तिनं तोंडावर पदर धरला आणि त्या धावणाऱ्या भोपळ्याकडे बघत राहिली. ती काय केल्याशिवाय राहू शकत नाही, ते तिथं लिहिल्यासारखं दिसत होतं.

त्या दिवशी नऊच्या ठोक्याला संचिताला पहिली हळद लागली, थोरल्याच्या हातची. धवलारणीचा आवाज शेवटपर्यंत टिकला. कोणी रुसलं नाही म्हणून काही पाहुण्यांना चुकल्याचुकल्यासारखं वाटलं, पण जेवणं वेळेवर झाली.

लग्न उरकलं, आणि पुढच्या आठवड्यात शेवंती क्लासला गेली. गृहपाठ म्हणून तिनं साहिलनं पाठवलेला बॅनरचाच फोटो दाखवला. चांदणी मिसनं एकेक चित्र मोठं करून बघितलं. पिशवीला हसली, अंगठ्याला हसली, पाठीपाशी कितीतरी वेळ थांबली. मग फोटोच्या खालच्या कोपऱ्यावर आली आणि तिचे डोळेच विस्फारले.

"ये किसने बनाया?"

"आमच्या भावजींनी."

"आंटी, बाकी सब अच्छा है. पण हे सगळ्यात भारी आहे. इसमें जान है! त्यांना पण क्लासला घेऊन या ना."

शेवंतीनं फोन बंद केला. वही पिशवीत घातली. खुर्ची सरकवून खिडकीकडे वळवली आणि हाताची घडी घालून बसली. वर्गात मिस दुसऱ्या कोणाला तरी बटाटा शिकवायला लागली.

थोड्या वेळानं शेवंतीनं खांद्यावरून हळूच मागे बघितलं, मिस येतेय का ते.