गुलाबरावकाकांचा ओझोन

गुलाबरावकाका हवा चावून खात. घाईनं गिळलेला ओझोन छातीत पोचत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

ते आसेगावचे आमचे शेजारी, निवृत्त पोस्टमास्तर. जंगलाच्या हवेत ओझोन असतो आणि तो फुप्फुसांना पुष्टी देतो, असं त्यांनी कुठल्याशा जुन्या पुस्तकात वाचलं होतं. तेव्हापासून त्यांना जगातल्या सगळ्या दुःखांचं कारण कळलं. जावई भांडखोर का? "त्याच्या घरात ओझोन नाही." शेलूबाजारची जीप बंद का पडली? तेच. एकदा माझ्याकडे बघून आईला म्हणाले, "पोरगी बोलत काहून नाही? हिले सागाखाली नेत जा."

म्हणून सुट्टीत मीही जाऊ लागले. दम्यानं खंगलेल्या काकूंना ते रोज सकाळी गावाबाहेरच्या सागवनात नेत.

त्या दिवाळीला वसतिगृहातून मी एक इंग्रजी मासिक आणलं होतं. त्यात ओझोनवर लेख आहे म्हटल्यावर काका आमच्या ओट्यावर येऊन बसले.

"वाच. मराठीत."

मी वाचलं. मोठ्या शहरात मोटारींच्या धुरावर ऊन पडलं की जमिनीलगत ओझोन तयार होतो. वाऱ्यानं तो जंगलात जातो. झाडांची पानं ठिपक्यांनी भरतात, वेळेआधी गळतात. माणसाच्या छातीलाही तो वाईट.

काका चावायचे थांबले.

"आपल्याकडे मोटारी किती?"

"रिसोडची एस.टी. येते."

"ते तर ढकलल्याबिगर चालत नाही." मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुह्या काकूले सांगू नोको. डॉक्टरनं चालाले सांगतलं, उठली नाही. मी हात जोडले, उठली नाही. ओझोनसाठी उठते."

काकू चपला घालून बाहेर आल्या. "काय लिवलं हाय जी त्यात?"

"गोऱ्या लोकाइची झाडं नाजूक हायेत," काका म्हणाले. "चाल."

सागवनात काकू नेहमीच्या झाडाखाली टेकल्या आणि शेजारणीची नक्कल करू लागल्या. काका त्यांच्याकडे पाठ करून खालच्या फांदीची पानं उलटसुलट करून पाहत होते. एका पानावर पिवळे ठिपके होते. किडीचे असावेत. त्यांनी ते तोडलं आणि घडी घालून खिशात ठेवलं.

"ऊठ वं. तिकडं बसू. इथं ऊन लागते."

"कुठं हाय ऊन?"

"येते आता," काका म्हणाले, आणि त्यांनी हात पुढे केला.