चार माणसांची शिकवणी

पवनीत आमच्या गल्लीतला सुखदेव रोज संध्याकाळी हातमाग थांबवायचा, पोरीला सायकलच्या दांडीवर बसवायचा आणि माणसं शोधायला निघायचा. कोणतीही माणसं. फक्त चार पाहिजेत. पाचवा आपणहून बोलायला आला, तर पोरगी त्याला सांगायची, "तुमी उद्या, काका."

या वेडाला कारणीभूत मी. तेही नाईलाजानं कबूल करतो.

सुखदेवच्या घराला माझी भिंत लागून. त्याची बायको तापानं गेली तेव्हा ही पोरगी, मंजू, तीन वर्षांची होती. दुसरीत तिच्या प्रगतिपुस्तकावर शेरा आला, 'शांत मुलगी. वर्गात त्रास देत नाही.' दुसऱ्या बापानं पेढे वाटले असते. या गड्यानं पोरीला शाळेतून काढलं. म्हणे, "घरी हे पोट्टी घडीभर चूप बसत नाही, गुरुजी. मंग तिथं शांत काहून?"

माझं डोकंच फिरलं. अख्खी नोकरी मी जिल्हा परिषदेच्या शाळेत काढली, आणि माझ्याच शेजारची पोर घरी? तडक गेलो आणि त्याला झापलं. गणित शिकवशील रे घरी, पण पोरीनं चार लोकांत मिसळायला नको? सुखदेवनं माग थांबवला आणि विचारलं, "चारच?"

मी रागानं म्हटलं, हो, चार तर चार. आता हा शब्दशः धरून बसेल, हे मला काय ठाऊक!

दुसऱ्या दिवसापासून सुरू. नियमही त्याचेच. नुसता रामराम घातला तर माणूस मोजायचा नाही. त्याच्याकडून आपल्याला ठाऊक नसलेली एक तरी गोष्ट कळली पाहिजे. सगळे मोठेच लोक गाठतोस, बरोबरीच्या पोरांचं काय, म्हणून मी पुन्हा कुरकुरलो, तर त्यानं ठरवून टाकलं, दोन बारके, दोन मोठे. मग काय, संध्याकाळी गल्लीतली पोरं "आज मले घे, मले घे" म्हणत त्याच्या दारात उभी.

गणित मागावर व्हायचं. पट्टीला किती धागे, काठाला किती, चुकलं की साडी वाकडी. त्याला वेगळे मार्क द्यावे लागत नसत. भूगोलासाठी महिन्यातून एकदा बसनं लाखनीला. तिथं हायवेवरच्या ढाब्यावर ट्रकच्या नंबरावरून राज्य ओळखायचं आणि ड्रायव्हरला विचारून खातरजमा करायची. पंजाबात धान कधी लावतात, हे मंजूनं मला सांगितलं. मी तीस वर्षं भूगोल शिकवला, मला ठाऊक नव्हतं.

एकदा चारांत माझाही नंबर लागला. मंजू समोर मांडी घालून बसली आणि विचारते कशी, "गुरुजी, तुमाले कोन्ता पोट्टा आवडत नव्हता?" उभ्या जन्मात मला हे कोणी विचारलं नव्हतं. मी तासभर बोलत होतो. ती गेल्यावर माझी बायको म्हणाली, आज तुम्ही बरे दिसता.

सहा वर्षं हे चाललं. यंदा जूनमध्ये मंजू म्हणाली, मला शाळेत जायचं, रोज चार पुरत नाहीत. आता सुखदेव अडून बसणार, अशी गल्लीची खात्री होती. मी तर भाषण तयार ठेवलं होतं. पण तो त्याच संध्याकाळी दप्तर घेऊन आला. "याच्यासाठीच त करून राहिलो होतो," एवढंच म्हणाला. मला पहिल्यांदा त्याचं कौतुक वाटलं. खोटं कशाला बोलू, थोडी लाजही वाटली.

प्रवेशाच्या दिवशी मीही सोबत होतो. ही मुलांत मिसळेल का, अशी शंका मुख्याध्यापकांना होती. ते फॉर्म शोधेपर्यंत मंजूला शिपाईकाकांचं गाव, गुडघ्याचं दुखणं आणि जावयाचा स्वभाव, सगळं कळलं होतं.

आठवडाभरानं संध्याकाळी सुखदेव आमच्या फाटकाशी येऊन उभा राहिला. मंजू कुठे, म्हटलं, तर मैत्रिणीकडे गेली होती. काही काम होतं का? "काम नाही जी."

जाईना, बोलेना. तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं. सहा वर्षं मंजू घराघरांत शिरली, पण हा प्रत्येक वेळी बाहेरच सायकल धरून उभा होता.

"मले लोकायसंग बोलता येत नाही, गुरुजी," तो म्हणाला. "तिची माय होती तवा थे बोले, मी बाजूले उभा राहो. मंग मंजू बोले. पोट्टी माह्यावानी होऊ नये, येवढंच होतं."

त्याला हाताला धरून आत आणलं, बायकोला चहा टाकायला सांगितला. तो खुर्चीच्या काठावर बसला, जमिनीकडे बघत. मग घसा खाकरून त्यानं विचारलं, "गुरुजी, तुमच्या घरी कोन कोन राह्यते?"

भिंतीला भिंत लागून वीस वर्षं झाली होती. मी अगदी पहिल्यापासून सांगायला घेतलं.