बिनगाडीचा रस्ता

"काका, रविवारी त्या रस्त्यावर एकबी गाडी दिसली नाही पाह्यजे," जगदेवच्या अंगणातल्या लिंबाला सायकल टेकवत संघदीप म्हणाला. "मोटरसायकल नाही, ट्रॅक्टर नाही, काहीच नाही."

"तशीबी तिथं कोन जाते, सर?" जगदेव म्हणाला. "पूल पडल्यापासून कुत्रंबी जात नाही त्या रस्त्यानं."

हे खरंच होतं. हायवेच्या फाट्यावरून निघणारा जुना रस्ता एका अरुंद खिंडीतून टेकड्यांत शिरायचा, वळणं घेत घेत नदीच्या खोल घळीत उतरायचा आणि अर्ध्या पडलेल्या पुलाशी जाऊन थांबायचा. नवा हायवे दुसरीकडून गेला, एसटी बंद झाली आणि डांबराच्या भेगांतून गवत वर आलं. रिसोडच्या शाळेत व्यायाम शिकवणाऱ्या संघदीपला मात्र हा रस्ता म्हणजे खजिना वाटायचा. रोज संध्याकाळी तो तिथं सायकल चालवायचा, आणि शिक्षकांच्या खोलीत त्यावरून रोज त्याची थट्टा व्हायची.

रस्त्याच्या मध्यावर, उतारावर, जगदेवचा द्राक्षाचा मळा होता. आजूबाजूला सगळं सोयाबीन आणि तूर. त्यामुळे थट्टेचा अनुभव जगदेवलाही होता. दोघांची मैत्री जमली ती यावरच.

संघदीपने अकोल्याच्या सायकलवाल्यांना फोनवर लिहून पाठवलं होतं : 'द्राक्षांच्या टेकड्या, नदीची खोल घळ आणि गाडीचं नाव नाही.' टेकड्या पुष्कळ होत्या. द्राक्षं एकाच टेकडीवर होती. पण एवढं वाढवून सांगणं व्यायामशिक्षकाला माफ असतं. त्या मंडळींचे प्रमुख डॉक्टर नरेंद्र दातांचे डॉक्टर होते. एकदा ट्रकच्या वाऱ्याने ते सायकलसकट नाल्यात गेले होते आणि तेव्हापासून त्यांना रस्ता हवा तो बिनगाडीचाच. हा रस्ता त्यांच्या मनात भरला, तर पुढच्या हिवाळ्यातली त्यांची मोठी सायकलयात्रा इथूनच जाणार होती. शेकडो माणसं थेट जगदेवच्या मळ्यासमोरून!

"डॉक्टर विचारून राह्यले होते, तिथं वाईन भेटते का?" संघदीपने जरा हळूच सांगितलं.

जगदेवचा हात गळ्यातल्या तुळशीच्या माळेकडे गेला. "सर, इथं बोलले ते बोलले. रस भेटन. ताजा."

"आन् पिठलं-भाकर भेटन," आतून तुळसाबाई म्हणाली. जगदेवची बायको बोलायची कमी, पण बोलली की विषय संपायचा. "वाईन प्याले कोनी येवढ्या दूर सायकल मारत येते का?"

सगळं ठरलं होतं. जगदेवने तिथंच थांबायला हवं होतं. पण जबाबदारी अंगावर घेतली की त्याला झोप लागत नसे. शनिवारी संध्याकाळी तो ग्रामपंचायतीत गेला आणि शिपाई फुलचंदला भोंग्यावरून सूचना द्यायला सांगून आला. फुलचंदने घसा साफ केला आणि सगळ्या गावाला ऐकवलं :

"उद्या सकाळी जुन्या रस्त्यावर कोणीही गाडी घेऊन जाऊ नये. तिथं पाहण्यासारखं काहीही नाही. पुन्हा सांगतो, काहीही नाही!"

रात्री जेवताना घराघरांत एकच चर्चा होती. तिथं काय आहे? कोणी म्हणालं, पिक्चरची शूटिंग आहे. कोणी म्हणालं, नदीत काहीतरी सापडलंय. एवढं लपवून राह्यले म्हणजे पाहावंच लागेल, यावर मात्र सगळ्यांचं एकमत झालं.

रविवारी सकाळी डॉक्टर आणि त्यांचे पाच सोबती खिंडीतून आत शिरले, तेव्हा रस्ता रिकामा होता. पळसाला फुलं आली होती. संघदीप पुढे, बाकीचे मागे, असे ते वळणावळणाने घळीत उतरून दिसेनासे झाले. जगदेव खिंडीच्या तोंडाशी उभा राहून समाधानाने पाहत होता. तेवढ्यात त्याच्या मागे हॉर्न वाजला.

भाऊसिंगची जीप होती. आत माणसं, टपावर माणसं, मागच्या पायरीवर लटकलेली माणसं.

"काका, कुठी हाये ते?" भाऊसिंगने विचारलं.

"काय?"

"तेच, जे पाहण्यासारखं नाही ते!"

जीपच्या मागे मोटरसायकली होत्या. त्यांच्या मागे एक छोटा टेम्पो होता. त्यात बर्फाचा गोळा विकणारा आपलं सगळं सामान घेऊन बसला होता. जगदेवने धावत जाऊन शेजारच्या वावरात उभा केलेला आपला ट्रॅक्टर आणला आणि खिंडीत आडवा लावला. खिंड इतकी अरुंद, की ट्रॅक्टरचं नाक एका कड्याला आणि पाठ दुसऱ्याला टेकली.

"आता जाऊन दाखवा!" तो म्हणाला. बिनगाडीच्या रस्त्यावर पहिली गाडी आपणच आणली, हे त्या घाईत त्याच्या ध्यानात आलं नाही.

लोक परत जातील असं त्याला वाटलं होतं. पण अडवलंय म्हणजे आत नक्कीच काहीतरी आहे, असं लोकांना वाटलं. भाऊसिंगने जीप बाजूने काढायला पाहिली, तिचं मागचं चाक नालीत गेलं आणि जीपही आडवी झाली. मागच्यांना पुढे जाता येईना आणि त्यांच्या मागे आणखी येऊन लागलेल्यांमुळे मागेही फिरता येईना. हॉर्न सुरू झाले. हॉर्न दबावेत म्हणून जगदेवने ट्रॅक्टरवरचा टेप मोठ्याने लावला. पाहुणे वर चढून येतील तेव्हा स्वागतालाही बरा, असाही त्याचा विचार होता. एकामागून एक गाणी वाजत राहिली. हॉर्न वाजवून थकलेले लोक गोळे खाऊ लागले आणि गोळेवाल्याचा धंदा जोरात चालला. आणि मग एका गाण्याच्या मध्यावर गायिकेचा आवाज जाड झाला, लांबला आणि बसला.

बॅटरी उतरली होती. ढकलून चालू करावा म्हटलं तर ट्रॅक्टर दोन्ही कड्यांत अडकलेला. ढकलायचा कुठे?

नेमके त्याच वेळी सायकलवाले घाट चढून वर आले. डॉक्टर सगळ्यांत पुढे होते. घामाने निथळत होते, पण चेहरा फुलला होता. "काय रस्ता आहे हो सर! खाली पाणी, वर कडे, आणि घळीत एक आवाज म्हणून..."

वळण संपलं आणि समोर ट्रॅक्टर दिसला. ट्रॅक्टरच्या पलीकडे जीप, जीपच्या पलीकडे थेट फाट्यापर्यंत गाड्याच गाड्या.

डॉक्टर सायकलवरून उतरले. "सर," ते थंडपणे म्हणाले, "अकोल्याच्या बाजारातसुद्धा इतक्या गाड्या नसतात."

जगदेव मडगार्डवर मान खाली घालून बसला. तेवढ्यात मळ्याकडून तुळसाबाई आली. डोक्यावर टोपलं, हातात रसाची कळशी. तिने ट्रॅक्टर पाहिला, गर्दी पाहिली, नवऱ्याकडे पाहिलं.

"काहून असे तोंडं पाडून बसले?" ती म्हणाली. "गाड्या तिकडं हायेत. इकडं कुठी हाये गाडी? हा ट्रॅक्टरचा दगड हालत नाही तंवर इकडं कोनाच्या बापाची गाडी येत नाही!"

डॉक्टरांनी मागे वळून पाहिलं. खिंडीपासून नदीपर्यंत रस्ता उन्हात निवांत पसरला होता. जिल्ह्यात त्या घटकेला इतका सुरक्षित रस्ता दुसरा नसेल. त्यांना आधी हसू आवरेना, मग रस पुरेना.

गावकरी ट्रॅक्टरवरून उड्या मारून अलीकडे आले. पाहण्यासारखं जे काही होतं ते म्हणजे या सायकली, हे कळल्यावर निराशा न होता उलट रांग लागली. भाऊसिंगने एक फेरी मारली. फुलचंदने दोन मारल्या. हसणं, ओरडणं, पडणं, परत चढणं चाललं होतं. डॉक्टर स्वतः एकेकाला गिअर समजावत होते. शेवटी तुळसाबाईने पदर खोचला.

"मी पाहू का?"

"तुले येते?" जगदेवने चकित होऊन विचारलं.

"शाळेत जात होतो ना सायकलीनं. तुमी कवा इचारलं?"

डॉक्टरांनी आपली परदेशातून मागवलेली हलकी सायकल कौतुकाने पुढे केली. तुळसाबाई बसली, जरा डळमळली, मग सरळ झाली. उताराला लागली आणि पहिल्या वळणाआड गेली. टाळ्या पडल्या.

टाळ्या थांबल्या. पिठलं-भाकरी संपली. ती काही आली नाही.

संघदीप पुलापर्यंत जाऊन शोधून आला. तेवढ्यात जगदेवचा फोन वाजला.

"मी पोचलो," तुळसाबाई म्हणाली. मागे बायकांचं हसणं ऐकू येत होतं.

"कुठी?"

"माहेरी! पुलाची एक कड उभी हाये ना, तिच्यावरून सायकल उचलून नेली न् झालं. इतकं जवळ हाये हो! हायवेनं दोन एसट्या बदलून दिवस जाते आपला. भावजय म्हंते, दोन दिवस राह्य."

"अन् डाक्तरची सायकल?"

"हाये ना, वसरीत उभी हाये. सायकल पाह्यजे असन तं मले घ्याले या. पन गाडी पुलावरून येत नाही बरं! सायकलीनंच या."

फोन बंद झाला. जगदेवने सगळ्यांकडे पाहिलं. सायकलवाल्यांसाठी आठवडाभर राबलेल्या या माणसाने मान खाजवली.

"मले सायकल येत नाही," तो म्हणाला.

उन्हं कलली तेव्हा जुन्या रस्त्यावर एक वरात चालली होती. मध्ये संघदीपच्या सायकलवर जगदेव, दोन्ही हातांनी हँडल घट्ट धरून. एका बाजूने सीट धरून संघदीप धावत होता, दुसऱ्या बाजूने धापा टाकत डॉक्टर नरेंद्र. त्यांना आपली सायकल परत हवी होती आणि पुढच्या हिवाळ्यातली यात्रा कुठपर्यंत न्यायची तेही पाहून घ्यायचं होतं. मागून भाऊसिंग आणि अर्धं गाव पायी येत होतं.

"सोडू नका, सर! डाक्तर, सोडू नका!" जगदेव ओरडत होता. "समोर पाहा कोनी! समोरून गाडी येऊन राह्यली का?"

"काका, डोळे उघडा," संघदीप म्हणाला. "आमी कवाचं सोडलं."