पौनीकर बाईंचा आजचा नियम

पौनीकर बाईंना लग्नपत्रिका दिली, की त्या ती नीट वाचतात, जपून ठेवतात आणि लग्नाच्या दिवशी सकाळी मुलीच्या बापाला फोन करून विचारतात, "तारीख, वेळ, हॉल. काही बदल झाला का?" बाप आधीच घाईत असतो. तो काय बोलतो ते त्या सांगत नाहीत. पण सावनेरच्या एका लग्नात खरोखरच हॉल बदलला होता. अर्धे पाहुणे जुन्या हॉलचं कुलूप पाहून परतले, तेव्हा बाई जेवून बडीशेप चघळत होत्या. "पत्रिका छापली तेव्हाची होती," त्या म्हणाल्या. "आजचं विचारायले नको?"

गांधीबागेत कापडाच्या एका दुकानावर आमचं छोटं ऑफिस आहे. उमरेडच्या विणकरांच्या सोसायटीकडून चादरी, टॉवेल घ्यायचे आणि केंद्र सरकारच्या दवाखान्यांना, वसतिगृहांना पुरवायचे, हा शेठजींचा धंदा. त्यासाठी निविदा भरावी लागते, आणि निविदेच्या अटी कधी बदलतील याचा नेम नसतो. पोर्टलवर एक पान मागाहून चढतं. त्याला कॉरिजेंडम म्हणतात. ज्यानं ते पाहिलं नाही, त्याची निविदा भाव न पाहताच बाद होते.

ऑफिसात निविदांचं काम बाईंकडे. त्या ते पान दिवसातून तीनदा शोधतात. आल्याबरोबर, जेवणाआधी आणि निघताना. सकाळचं पाहिल्याशिवाय चहा नाही. अटी लिहायच्या त्या पेन्सिलीनं. शाई फक्त सहीला. एकदा शेठजी जोरात म्हणाले, की असा नियमच आहे. बाईंनी मान वर न करता विचारलं, "कालचा का आजचा?" तेव्हापासून शेठजी नियम सांगत नाहीत, बाईंना विचारतात.

मी उमरेडची. आमच्या घरातली पहिली पदवी माझी. बाबा याच सोसायटीच्या मागावर बसतात. नोकरीच्या तिसऱ्याच दिवशी मी जुन्या नमुन्यात फॉर्म भरून ठेवला आणि चूक कळल्यावर रडायलाच लागले. बाई रागावल्या नाहीत. डब्यातली अर्धी पोळी माझ्याकडे सरकवली आणि नव्या अटींची सतरा पानं मोठ्यानं वाचायला लावली. "डोळे पळतात वं पोरी. तोंडानं वाचलं का पळता येत नाही." स्वतः दहावीपर्यंत शिकलेल्या बाई येणाऱ्या-जाणाऱ्याला मात्र मला "आमच्या ग्रॅज्युएट मॅडम" म्हणून दाखवत. कॉलेजात मी पास झाले. वाचायला त्या दुपारी शिकले.

मागच्या हिवाळ्यात एका केंद्रीय दवाखान्याची चादरींची मोठी निविदा निघाली. सोसायटीचे निम्मे माग दिवाळीपासून बंद होते. त्यात बाबांचाही होता. हे काम मिळालं तर वर्षभर हाताला काम, नाही तर या वयात बाबांना कुठल्या तरी गोदामात उभं राहावं लागणार, हे घरी रोज जेवताना निघायचं. मुदत संपायच्या बारा दिवस आधी बाईंना पोर्टलवर दीड पान सापडलं. कापडाच्या चाचणीचा अहवाल आता मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा आणि याच वर्षीचा हवा होता. आम्ही धावपळ करून नमुना चाचणीला पाठवला. हे पान बहुतेकांच्या नजरेतून सुटणार, म्हणून मी खूश होते.

त्याच दुपारी बाईंनी फोन लावला आणि ते दीड पान कुणाला तरी सावकाश वाचून दाखवलं. पलीकडे खापेकर होते. खापेकर म्हणजे आमचे वीस वर्षांचे प्रतिस्पर्धी. प्रताप नगरात घरूनच एकट्यानं धंदा करतात, आणि आमच्या तोंडची कितीतरी कामं त्यांनी नेलेली आहेत.

मला राहवलं नाही. "त्यायले काहून सांगून राहिल्या, बाई? माझ्या बाबाचा माग बंद आहे."

बाई पेन्सिलीला टोक काढत राहिल्या. "एकच निविदा उरली तं साहेब लोक घाबरतात. रद्द करून परत काढतात. मंग बस सहा महिने. दुसरा पाहिजेच. नियम आहे."

मी परत कामाला लागले. पण सवय त्यांनीच लावलेली. दुसऱ्या दिवशी त्या यायच्या आधी मी नियमांची फाईल काढून तो नियम मोठ्यानं वाचला. तो केव्हाच बदलला होता. एकच निविदा पात्र ठरली तरी भाव वाजवी असेल तर ती स्वीकारता येते. पानाच्या कडेला बदलाची तारीख पेन्सिलीनं लिहिलेली होती, आणि अक्षर बाईंचं होतं. बाईंनी मला जाणूनबुजून कालचा नियम सांगितला होता.

त्या आल्यावर मी ते पान त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी कडेच्या स्वतःच्या अक्षरावर बोट ठेवलं.

"काचबिंदू झाला त्यायले. स्क्रीन दिसत नाही," त्या म्हणाल्या. "भावात हरले तं हरू दे. दिसलं नाही म्हणून काहून हरायचं?" मग म्हणाल्या, "शेठजीले सांगू नको वं."

मी सांगितलं नाही. निविदा उघडल्या, तेव्हा बाकी सगळे त्या अहवालावर बाद झाले. उरलो आम्ही आणि खापेकर. भाव नंतर वेगळे उघडतात, त्याला तीन दिवस होते. त्या तीन दिवसांत मला जेवण गेलं नाही, आणि बाईंचाही डबा भरलेलाच परत जात होता. अखेर आमचा भाव अगदी थोडक्यानं कमी निघाला. शेठजींनी बर्फी वाटली. आठवड्याभरात बाबा मागावर बसले.

मला वाटलं, खापेकरांना फोन करायचं कारण आता संपलं. पण संध्याकाळी पोर्टल पाहून झालं, की बाई अजून नंबर लावतात. घरी जायची घाई त्यांना कधीच नसते. "आज काही बदल नाही, भाऊ," त्या सांगतात. मग फोन तसाच कानाला धरून बसतात, मधूनच हं म्हणतात, एखाद्या वेळी हसतात. मी किल्ली घेऊन जिन्यात थांबते.